भेगांचा फोटो

"तू लातूरची? म्हणजे ते ट्रेनने पाणी...?" हॉस्टेलवर आल्यापासून हा प्रश्न किती जणींनी विचारला याचा हिशेब मी सोडलाय. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून 'जलदूत' आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. खरंच आली. पण आमचं लातूर त्या फोटोतच अडकून पडलं. सोबत तो ठरलेला दुसरा फोटो : भेगाळलेली जमीन आणि कपाळाला हात लावलेला म्हातारा.

सिव्हिलला सॉइल मेकॅनिक्स शिकताना कळलं (माझं मराठी कॉन्व्हेंटचं, सांभाळून घ्या!), काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट असतं. ओली झाली की ती फुगते, वाळली की आक्रसते. चांगल्या पावसाच्या वर्षानंतरही मे महिन्यात ती भेगाळतेच! म्हणजे फोटो खोटा नाही, पण तो दुष्काळाचा पुरावाही नाही.

मांजरा धरण आटलं, तेव्हा पाण्याच्या टाक्यांवर भांडणं नकोत म्हणून १४४ कलम लावलं होतं. त्याच जिल्ह्यात ऊस होता, साखर कारखाने होते. माझ्या मते कॅमेरा तिकडे वळायला हवा होता. पण हिरव्यागार उसाचा फोटो दुष्काळाच्या बातमीत कोण छापणार?

मे महिन्यात कुणाला यायचं असेल तर चला. मामाच्या शेतातल्या भेगा दाखवते, आणि ऊसही. हो, मामाही ऊसच लावतो.