धर्ममंडळाची नेमणूक कोणी करावी?

संपादक महाशय,

बिनव्याजी बँकिंगाविषयी आपल्या पत्रात जी चर्चा चालू आहे, तीत बँकेने व्याज घ्यावे की घेऊ नये एवढ्याचाच ऊहापोह झाला. परंतु व्यवहार शरियतला धरून आहे असा दाखला जे उलेमा देतात, त्यांच्या देखरेख मंडळाची, म्हणजेच धर्ममंडळाची, नेमणूक कोणी करावी आणि त्या मंडळाने जाब कोणाला द्यावा, हा मूळचा प्रश्न कोणीच विचारला नाही. माझी उमेदीची सारी वर्षे सहकारी संस्थांची दप्तरे तपासण्यात गेली असल्यामुळे तो विचारल्यावाचून मला राहवत नाही.

पुण्याच्या कॅम्पात माझ्या परिचयाचे एक घड्याळदुरुस्ती करणारे मुसलमान गृहस्थ आहेत. दरवर्षी मार्च उलटला की ते आपल्या बचत खात्याच्या पुस्तकातील व्याजाच्या नोंदींखाली तांबड्या पेन्सिलीने रेघ ओढतात, बेरीज करतात, आणि तेवढी रक्कम काढून एखाद्या गरीब रुग्णाच्या औषधाला देतात. त्यात पुण्य जोडल्याची भावना नसते, शरियतला व्याज निषिद्ध असल्यामुळे जे आपले नव्हे ते घरात राहू नये एवढीच असते. मध्यंतरी एका बिनव्याजी योजनेचे पत्रक माझ्यापुढे ठेवून त्यांनी विचारले, "साहेब, सह्या मोठमोठ्या मौलानांच्या आहेत, पण यांना नेमलं कुणी?" व्याजाविषयीचा त्यांचा संकोच परका मानण्याचे आपल्याला कारण नाही. व्याज मुद्दलाहून अधिक वसूल करता येऊ नये हा दामदुपटीचा दंडक आपल्या धर्मशास्त्रातलाच आहे, आणि १८७५ साली याच जिल्ह्यातील सुपे येथे कुणब्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, तीही याच दुखण्यापायी.

व्याज टाळू पाहणाऱ्या अशा माणसाला आज सरळ मार्ग फारसा उरलेला नाही. रघुराम राजन समितीने २००८ साली बिनव्याजी बँकिंगाला वाव द्यावा अशी शिफारस केली, २०१६ साली सोलापूरच्या लोकमंगल सहकारी बँकेने बार्शीच्या शाखेत तसा उपक्रमही आरंभिला. परंतु २०१७ साली, सर्व नागरिकांना बँकसेवेची संधी समान आहे असे कारण देऊन, रिझर्व्ह बँकेने हा प्रस्ताव बाजूस सारला. प्रस्ताव सारला गेला, गरज राहिलीच. ती भागवण्यास जे पुढे आले त्यांतील एक म्हणजे बंगळूरची आय मॉनेटरी ॲडव्हायजरी ही पेढी. जून २०१९ मध्ये ती कोसळली तेव्हा, हलाल नफ्याच्या शब्दावर विसंबलेल्या हजारो मुसलमान कुटुंबांची पुंजी तिच्याबरोबर गेली.

मी स्वतः एकदा अशाच बिनव्याजी धर्तीच्या एका लहान पतसंस्थेचे दप्तर तपासले होते. कचेरीत विद्वान सल्लागारांच्या नावांचा फलक होता. त्यांच्या सभांचे इतिवृत्त मागितले तेव्हा कार्यवाहांनी बऱ्याच शोधाशोधीनंतर एकच पान आणून दिले, ज्यावर दीड वर्षातील चार सभांच्या सह्या एकाच शाईने, एकाच बैठकीत केलेल्या दिसत होत्या. सही करणारे अप्रामाणिक होते असे मी म्हणणार नाही. संचालकांनी बोलावले तेव्हा ते आले, संचालकांनी पुढे केला तो मसुदा त्यांनी वाचला, मानधनही संचालकांनीच दिले. खतावणी त्यांना कोणी दाखवली नाही आणि ती मागण्याचा अधिकार आपल्याला आहे हेही त्यांना कोणी सांगितले नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की, धर्ममंडळाची नेमणूक संचालकांच्या हाती ठेवूच नये. सहकारी संस्थेचा लेखापरीक्षक शासनमान्य नामिकेतून वार्षिक सर्वसाधारण सभा नेमते. तद्वत मंडळाचे सभासदही ठेवीदारांच्या सभेने ठरावीक मुदतीसाठी नेमावेत, आणि त्यांचे मानधन त्याच सभेने मंजूर करावे. यावर कोणी म्हणेल की, धर्मनिरपेक्ष राज्याने उलेमांच्या भानगडीत का पडावे? मतनिर्णयात त्याने पडू नयेच. मलेशियात मध्यवर्ती बँकेच्या शरियत परिषदेचा निर्णय कायद्याने बंधनकारक आहे, ती वाट आपल्या घटनेला मानवणारी नव्हे. परंतु नेमणुकीची रीत, दप्तर पाहण्याचा हक्क आणि इतिवृत्ताची सक्ती यांना धर्म नसतो.

आणि मंडळाचा दाखला ही ठेवीच्या सुरक्षिततेची हमी नव्हे, हे पावतीवर ठळक छापलेले असावे. फतवा व्यवहाराचे स्वरूप सांगतो, तिजोरीत शिल्लक किती हे सांगत नाही. आणि मतही पालटते. २०१७ साली शारजाच्या दाना गॅस कंपनीने स्वतःच काढलेले सत्तर कोटी डॉलरचे सुकूक, म्हणजे बिनव्याजी धर्तीचे, रोखे शरियतशी विसंगत असल्याचे सांगून त्यांचे देणे थांबवले, हे उदाहरण फार जुने नाही. तेव्हा मंडळाचा निर्णय, त्याची कारणे आणि एखाद्या सभासदाचे विरुद्ध मत असल्यास तेही, वार्षिक अहवालात मराठीत व उर्दूत पूर्ण छापले जावे, आणि सभेच्या दिवशी मंडळाने ठेवीदारांसमोर बसून प्रश्नांना उत्तरे द्यावीत. माझ्या घड्याळवाल्या मित्राला त्या सभेत उठून आपला प्रश्न विचारता आला पाहिजे.

आपला विश्वासू,
एक सेवानिवृत्त लेखापरीक्षक, पुणे