पगाराचा रकाना लपवू नका

‘प्रपोजलमध्ये पगार दाखवले की फाइल बाजूला पडते, प्रशासनावर पाच टक्क्यांहून जास्त खर्च कायद्यालाच मान्य नाही.’ सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा निधी मागणाऱ्या लहान संस्थांत हे वेदवाक्य मानलं जातं. ते साफ चूक आहे, आणि त्यापायी चांगली कामं वर्षभरात बंद पडतात.

2013च्या कंपनी कायद्याचं कलम 135 ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावतं. पाच टक्क्यांची अट आहे ती कंपनीने स्वतःचा सीएसआरचा कारभार चालवण्यासाठी केलेल्या खर्चाला. 2021 साली नियम सुधारले तेव्हा हे स्पष्टच लिहिलं गेलं: प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख, मूल्यमापन यांचा थेट खर्च त्यात धरायचा नाही. गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्तीचं मानधन हा प्रकल्पाचाच खर्च आहे. (विदेशी निधीतून होणाऱ्या प्रशासकीय खर्चाला 2020पासून 20 टक्क्यांची मर्यादा आहे खरी, पण शाळेतल्या शिक्षकांचे पगार तिथेही प्रशासनात मोडत नाहीत.)

‘देणाऱ्याला वस्तू दिसायला हवी,’ असंही सांगतात. पण काम माणसं करतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने 39 गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. नवजात मृत्यूदर 62 टक्क्यांनी घटला. 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने तो अभ्यास छापला. हे काम केलं गावातल्याच प्रशिक्षित बायकांनी. वजनकाटा लागतोच; पण तो घेऊन बाळंतिणीच्या घरी कोण जाणार, त्या कार्यकर्तीला शिकवणार कोण, तिने केलेल्या नोंदी तपासणार कोण?

वीस वजनकाटे मागायचे आणि पर्यवेक्षिकेचं मानधन ‘किरकोळ खर्चा’त दडवायचं, हे जाणकार परीक्षकाच्या नजरेतून सुटत नाही. त्यापेक्षा सरळ मांडा: पर्यवेक्षिका एक, गावं 15, दर गावी महिन्याला दोन भेटी, पेट्रोल किलोमीटरप्रमाणे. हेच आकडे कामाच्या आराखड्यातही दिसले पाहिजेत. हिशेबनीस अर्धा वेळ या कामाला देणार असेल तर अर्धाच पगार लावा, उरलेला कुठून येतो तेही लिहा.

काही कंपन्या आपल्या धोरणात वेगळी मर्यादा घालतात. ते त्यांचं धोरण झालं, कायदा नव्हे. त्यावर बोलता येतं. तेव्हा पुढच्या वेळी कुणी कायद्याचं नाव सांगून पगाराचा रकाना कापला, तर कोणत्या नियमाने, हे लेखी विचारा.