दिव्यांची मान खाली करा

पावसाळा सरला की अमावास्येच्या आसपासच्या शनिवारी कर्जत लोकलमध्ये एक वेगळीच गर्दी चढते. पाठीवर सॅक, बगलेत चटई, कुणाच्या मांडीवर शालीत गुंडाळलेली दुर्बीण. ही मंडळी वांगणीला उतरतात आणि रात्रभर आकाश बघत जागतात. खगोल मंडळाने वांगणीचं नाव मुंबईकरांच्या तोंडी रुळवलं. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था तर १९४४पासून लोकांना आकाशाचा नाद लावते आहे. कारकून, शिक्षिका, कॉलेजची पोरं, निवृत्त आजोबा, सगळे एका चटईवर. कुणी ताज्या चांद्रमोहिमेबद्दल बोलतं, कुणी मंगळावर माणूस कधी जाणार यावर हिरिरीने भांडतं. पहाटेच्या चहापर्यंत गप्पा रंगतात. या गप्पांवर छप्पर असतं काळोखाचं, आणि ते आता जागोजागी गळायला लागलंय.

काळोखात डोळे सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. म्हणून टॉर्चलासुद्धा लाल जिलेटीन कागद गुंडाळायचा, मोबाइल खिशात ठेवायचा. मग हळूहळू देवयानी दीर्घिकेचा धुरकट ठिपका नुसत्या डोळ्यांनी दिसू लागतो. पंचवीस लाख वर्षांपूर्वी तिथून निघालेला प्रकाश! आणि नेमका तेव्हाच समोरच्या फार्महाउसचा पांढराफटक फोकस लागतो. झालं. पुन्हा पहिल्यापासून.

हे एकट्या वांगणीचं रडगाणं नाही. २०२३च्या जानेवारीत ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. २०११ ते २०२२ या काळात हौशी लोकांनी नुसत्या डोळ्यांनी केलेल्या पन्नास हजारांहून अधिक नोंदी तपासल्या, तेव्हा रात्रीचं आकाश दर वर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळत असल्याचं निघालं. आज २५० तारे दिसतात अशा ठिकाणी जन्मलेल्या मुलाला अठराव्या वर्षी जेमतेम १०० दिसतील, असा त्याचा अर्थ. उपग्रहांना ही वाढ इतकी जाणवली नव्हती, कारण एलईडीच्या निळसर प्रकाशाला त्यांची उपकरणं जवळपास आंधळी आहेत. ती पकडली गच्चीवर उभं राहून तारे मोजणाऱ्यांनी. मात्र यातल्या बहुतेक नोंदी युरोप-अमेरिकेतल्या आहेत. आपल्या आकाशाची गळती मोजायला आपणच नको का?

हौशी निरीक्षकांना ‘छंदिष्ट’ म्हणून हसणाऱ्यांनी राधागोविंद चंद्र हे नाव ऐकलेलं नसतं. जेसोरच्या सरकारी खजिन्यात नोकरी करणाऱ्या या बंगाली गृहस्थांनी १९१८ साली गरुड तारकासमूहातला नवतारा पाहिला आणि पुढे रूपविकारी, म्हणजे तेज कमीजास्त होणाऱ्या ताऱ्यांच्या हजारो नोंदी केल्या. अमेरिकेतल्या निरीक्षकांच्या संघटनेने त्यांना सहा इंची दुर्बीण धाडली ती त्या कामाची कदर म्हणून. हाताशी पदवी नव्हती, पण डोक्यावर काळं आकाश होतं. आज जेसोर काय आणि पुणे काय, भर वस्तीत तसं आकाश कुणाला मिळणार?

दिवे काढून टाका, असं कुणीच म्हणत नाही. जुन्नरच्या उसात बिबट्या फिरत असताना ‘अंधार ठेवा’ म्हणून सांगायला जाणारा मार खाऊनच परत येईल, आणि ते योग्यच होईल. पण डोळ्यांवर मारणारा उघडा दिवा स्वतःच्या झगमगाटापलीकडचं काही दिसू देत नाही. बिबट्या नेमका त्या पलीकडे असतो. दिव्याला टोपी घालून त्याची मान खाली केली, की उजेड रस्त्यावर पडतो, आकाशात सांडत नाही. पांढऱ्याऐवजी पिवळसर दिवा घेतला, वर्दळ थांबल्यावर टायमरने मंद केला, तर विजेचं बिलही उतरतं. इतकं सोपं असून होत नाही, कारण कुणी मागतच नाही.

मागितलं तिथे झालंय. २०२४ साली पेंच व्याघ्रप्रकल्प देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ ठरला. त्याआधी वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले शंभराहून अधिक दिवे जमिनीकडे तोंड करणारे बसवले गेले. गावं काही काळोखात बुडाली नाहीत. मग हे फक्त वाघांच्या शेजारीच का व्हावं?

तेव्हा मंडळी, कामाला लागा. चंद्र नसलेल्या रात्री गच्चीवर जा, मृगाच्या चौकोनात किती तारे दिसतात ते मोजा, तारीख-वेळ घालून वहीत लिहा. मृग दिसतो तोवर दर महिन्याला लिहा. सोसायटीच्या वार्षिक सभेत गच्चीवरच्या फोकसचा विषय काढा, लोक हसले तरी काढा. फार्महाउसवाल्याशी भांडू नका. त्याला एकदा चटईवर बोलवा, दुर्बिणीतून शनीची कडी दाखवा, मग फोकसचं बोला. आणि गावाकडे घर असेल तर २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत एक अर्ज द्या: नवे पथदिवे टोपीचे आणि पिवळसर घ्यावेत, आणि महिन्यातून एका अमावास्येला शाळेच्या मैदानाजवळचा हायमास्ट दोन तास बंद ठेवावा. अर्जावर गावातल्या पोरांच्या सह्या घ्या. दुर्बीण घेऊन यायला आम्ही तयार आहोत.