कन्हानचं पाणी कुणाच्या हिशेबात?

खापरखेडा, वारेगाव, सिलेवाडा, चिचोली, वलनी इथल्या बंधू-भगिनींनो,

आपल्या दारातलं खापरखेडा औष्णिक वीज केंद्र १३४० मेगावॉटचं आहे. २१० मेगावॉटचे चार संच, ५०० चा एक. शेजारी कोराडीचं केंद्र. वीज राज्यभर जाते, राख इथंच राहते. आपल्या देशी कोळशात शंभर किलोमागे तीस-चाळीस किलो राख निघते. पाण्यात कालवून ती बंधाऱ्यात सोडतात आणि उन्हाळ्यात ती वाळून उडते, संत्र्याच्या पानावर, कपाशीच्या बोंडावर, वाळत घातलेल्या धुण्यावर बसते.

ही राख आणि चिमणीतला वायू कमी करणारे नियम नव्हते असं नाही. होते, आणि ते एकेक करून सैल केले गेले. शहरी व प्रदूषित भागातल्या आणि लांबून कोळसा आणणाऱ्या केंद्रांनी ३४ टक्क्यांहून जास्त राखेचा कोळसा जाळू नये, असा नियम २०१४ साली झाला. मे २०२० मध्ये, टाळेबंदीत लोक घरात कोंडलेले असताना, तो काढून टाकला. पुढच्याच महिन्यात खासगी कंपन्यांसाठी व्यापारी कोळसा खाणींचा लिलाव सुरू झाला. कारण दिलं अर्थव्यवस्था सावरण्याचं. गंधक वायू रोखणारी यंत्रणा बसवण्याचा नियम डिसेंबर २०१५ चा, मुदत दोन वर्षांची. ती मुदत पुन्हा पुन्हा वाढली, आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना त्यातून सूटच मिळाली. इथंही खर्चाचं कारण होतंच.

आमचा सवाल या खर्चाच्या हिशेबाबद्दल आहे. मंदी आली की कंपनीचा खर्च वाचवायचा, हे धोरण झालं. पण वाचलेला पैसा कुणाच्या तरी अंगावर पडतोच. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला. राख शेतांत शिरली, नदीत उतरली, नागपूरच्या पाणीपुरवठ्यालाही झळ बसली. ते नुकसान विजेच्या दरात कुठं लिहिलं आहे? स्वस्त वीज म्हणतात ती अशी स्वस्त होते. तिकडे नागपूरच्या गोरेवाडा प्राणी उद्यानात तिकीट काढून वाघ दाखवला जातो. ते जंगल राहावंच, पण ज्या निसर्गाला तिकीट नाही, त्या कोलार-कन्हान नद्यांच्या काठालाही वाली हवा.

आणि बोलल्यानं फरक पडतो. पारशिवनी तालुक्यातल्या नांदगावचे लोक राखेविरुद्ध उभे राहिले, तेव्हा फेब्रुवारी २०२२ मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे तिथं आले आणि राख टाकणं थांबवण्याचे आदेश निघाले.

म्हणून एवढं करा. नव्या प्रकल्पाच्या जनसुनावणीची सूचना किमान तीस दिवस आधी निघाली पाहिजे आणि पर्यावरण अहवालाचा सारांश मराठीत मिळाला पाहिजे. २००६ च्या पर्यावरणीय प्रभाव मूल्यांकन अधिसूचनेनं दिलेला हा हक्क आहे. कोळसा खाण असो की नवा संच, तो सारांश ग्रामपंचायतीत मागा, वाचा, न कळलेलं मास्तरांकडून समजून घ्या. न वापरलेल्या राखेवर वीज केंद्रानं टनामागे १००० रुपये भरपाई भरावी, असं राखेविषयीच्या २०२१ च्या अधिसूचनेत आहे. आपल्या बंधाऱ्यातल्या राखेपोटी किती भरली, हे माहितीच्या अधिकारात लेखी विचारा. विहिरीचं पाणी तपासून घ्या, अहवाल जपून ठेवा. ग्रामसभेत ठराव घ्या आणि सुनावणीला घरटी एक माणूस या. बायाबापड्यांनीही यावं, पाणी त्याच भरतात.