गुणानुवादाची आठ पाने



घरातील ज्येष्ठ व्यक्तीचे देहावसान झाले की दोन-चार दिवसांतच गुणानुवाद सभा ठरते, आणि तिच्यासाठी छोटी स्मृतिपुस्तिका छापावी असेही अनेक कुटुंबांना वाटते. हे काम बहुधा एखाद्या नातवाकडे किंवा जावयाकडे येते. वेळ थोडा आणि मन अस्थिर. मग मुद्रकाकडचा तयार नमुना घेऊन त्यात केवळ छायाचित्र व नाव बदलले जाते. ‘प्रेमळ, धर्मपरायण, परोपकारी’ ही विशेषणे वाचून दिवंगत व्यक्ती नेमकी कशी होती, हे तिच्या पणतवंडांनाही पुढे उमगणार नाही.

मुळात ही पुस्तिका कोणासाठी? आपल्या तत्त्वज्ञानानुसार देह सुटताच आत्मा अवघ्या काही समयांत, म्हणजे काळाच्या अतिसूक्ष्म अंशांत, कर्मानुसार नव्या जन्मस्थानी पोहोचतो. आपण सभेचा दिवस ठरवितो तोवर त्याचा पुढील प्रवास केव्हाच सुरू झालेला असतो. आपल्या छापील शब्दांनी त्याची गती बदलत नाही. लाभ होतो तो मागे राहिलेल्यांना. गुणांची अनुमोदना करणाऱ्याचे भाव निर्मळ होतात. हा हेतू ध्यानी ठेवला की पुस्तिकेत काय असावे आणि काय नसावे, हे ठरविणे सोपे जाते.

स्मरणलेखनाची आपली परंपरा फार जुनी आहे. श्रवणबेळगोळच्या चंद्रगिरीवर सल्लेखनापूर्वक देहत्याग केलेल्या मुनी, आर्यिका, श्रावक-श्राविकांचे निषिधीलेख आजही वाचता येतात. तेथील पार्श्वनाथ बसदीतील इ. स. ११२९ ची मल्लिषेण प्रशस्ती पाहावी. एका आचार्यांच्या समाधिमरणाची नोंद करताना तिने समंतभद्र, अकलंक अशा पूर्वसूरींची मोठी मालिकाच कोरून ठेवली. मृत्यूचा उल्लेख थोडा आणि परंपरेचे स्मरण विस्ताराने, हे तिचे प्रमाण आपल्यालाही मार्गदर्शक ठरावे.

सत्य हे श्रावकाच्या पाच अणुव्रतांपैकी एक आहे आणि शोकाच्या प्रसंगी त्यातून सवलत मिळत नाही. ‘संथारा’ किंवा ‘सल्लेखना’ हे शब्द विधिपूर्वक व्रत घेतले असेल तरच लिहावेत. रुग्णालयात बेशुद्धावस्थेत देह सुटला असेल, तर ‘देहावसान’ हा शब्द पुरेसा आहे. त्याने जीवनाची थोरवी उणावत नाही. ‘मोक्षवासी’ असेही लिहू नये, कारण या पंचम काळात भरतक्षेत्रातून मोक्षप्राप्ती नाही, असे शास्त्र सांगते.

जीवनपरिचयासाठी किमान दोन पाने राखावीत. घरच्यांना ‘त्या कशा होत्या?’ असे विचारले तर विशेषणेच मिळतात. ‘त्या रोज काय करीत?’ असे विचारून पाहावे. ‘धार्मिक वृत्तीच्या होत्या’ यापेक्षा ‘चाळीस वर्षे चौविहार पाळला, आणि रात्रपाळीच्या सुनेचा डबा मात्र सूर्यास्तापूर्वीच भरून ठेवला’ हे एक वाक्य अधिक सांगून जाते. किती अठ्ठाया केल्या याबरोबरच पारण्याला प्रथम कोणाची आठवण काढीत, कोणत्या विद्यार्थ्याचे शुल्क गुपचूप भरीत, हेही विचारावे. शेजारी, दुकानातील जुने नोकर, पाठशाळेतील मैत्रीण यांच्याकडे कुटुंबालाही ठाऊक नसलेल्या गोष्टी असतात. मात्र ज्याने मदत घेतली त्याचे नाव त्याला विचारल्याविना छापू नये.

सर्वांत नाजूक पान असते ते नातलगांच्या नावांचे. जमिनीच्या वादातून अबोला धरलेला धाकटा भाऊ, विजातीय विवाह केलेली कन्या, पुनर्विवाह झालेली सून, यांची नावे येथे गाळली जातात. भांडण दहा वर्षांत मिटू शकते. गाळलेले नाव मात्र कागदावर तसेच राहते. पर्युषणात सर्व जीवांची क्षमा मागणाऱ्या कुटुंबाने आपल्याच पुस्तिकेत सख्ख्या माणसाला स्थान नाकारावे, हे शोभत नाही. छापण्यापूर्वी त्या भावाला स्वतः दूरध्वनी करून नाव विचारावे. क्षमापनेची सुरुवात कदाचित तेथूनच होईल.

आशातनेचाही विचार व्हावा. सभा संपल्यावर पुस्तिका खुर्च्यांखाली, गाडीत, कधी रद्दीतही जाते. म्हणून तीर्थंकरांची प्रतिमा आणि णमोकार महामंत्र त्यावर छापू नयेत. मंत्र सर्वांना मुखोद्गतच असतो. कार्यक्रमपत्रिकेत ‘मंगलाचरण’ एवढा उल्लेख पुरे. मंगलाचरण, बारा भावनांचे पठन, गुणानुवाद, आपल्या परंपरेप्रमाणे कायोत्सर्ग आणि साधू-साध्वी उपस्थित असल्यास मांगलिक, असा क्रम ठेवता येईल. वक्ते तीन-चारच असावेत.

छपाईविषयी थोडे. मधोमध टाचलेल्या पुस्तिकेची पाने चारच्या पटीत असतात. आठ पाने पुरेशी होतात. छायाचित्र मोबाइलवरून आलेले न घेता मूळ प्रतीवरून स्कॅन करून घ्यावे. तिथीसोबत वीर निर्वाण संवत द्यायचा असल्यास तो दिवाळीनंतर बदलतो, हे विसरू नये: इसवी सनात दिवाळीपूर्वी ५२६ आणि दिवाळीनंतर ५२७ मिळवावेत. फॉन्ट बदलताना जोडाक्षरे बिघडतात. म्हणून अंतिम मुद्रित कागदावर काढून घरातील दोघांनी, त्यांतील एकाने तरी मोठ्याने, वाचावे.

कागदाच्या झगमगाटावरील खर्च वाचवून तो शास्त्रदानाकडे वळविता येईल. दहाव्या शतकात अत्तिमब्बे या श्राविकेने पोन्न कवीच्या ‘शांतिपुराणा’च्या १००० हस्तलिखित प्रती करवून वाटल्या होत्या. पाठशाळेला दहा पुस्तके देणे आपल्यापैकी अनेकांना सहज शक्य आहे.

आणि ही माहिती गोळा करण्यासाठी कोणाच्या जाण्याची वाट पाहू नये. घरात आजी-आजोबा असतील तर येत्या रविवारी त्यांच्याजवळ बसावे, त्यांच्या गुरूंविषयी, पहिल्या उपवासाविषयी, गावच्या मंदिराविषयी विचारावे आणि वहीत उतरवून घ्यावे. त्यांना स्वतः ते वाचता येईल, आणि चुकले असेल तेथे दुरुस्तही करता येईल.