उत्सव : क्षण आणि मह

अमरकोशांत उत्सवाचे जे पर्याय दिले आहेत, त्यांत 'क्षण' आणि 'मह' हे दोन शब्द आढळतात. क्षण म्हणजे आनंदाची घटका. मह हा शब्द पूजार्थक धातूपासून आलेला. हीं दोन अंगें एकमेकांपासून किती दूर जाऊं शकतात, याचा प्रत्यय आम्हांस गेल्या डिसेंबरांत टोकियो शहरीं आला.

चिरंजीव नोकरीनिमित्त तेथें बिऱ्हाड करून असल्यामुळें नाताळाचा आठवडा आम्हांस त्या नगरींत घालवितां आला. मारुनोउची भागांत रस्त्याच्या दुतर्फा झाडांना सोनेरी दिव्यांच्या माळा गुंडाळल्या होत्या. गर्दी अफाट, पण गोंगाट नाहीं. जपानांत ख्रिस्ती लोक शेंकडा एकाच्या आसपास. नाताळाची सरकारी सुटीहि नाहीं. तरीहि पांढऱ्या क्रीमचा व स्ट्रॉबेरीचा केक या दिवशीं घरोघरीं येतो, आणि केंटकी कंपनीच्या तळलेल्या कोंबडीसाठीं लोक आधींपासून मागणी नोंदवितात. ही चाल त्या कंपनीनें १९७४ सालीं जाहिरात करून पाडली. आम्हीं अर्थातच दोन्ही पदार्थांचें केवळ दर्शन घेतलें.

सात वर्षांचा नातू बरोबर होता. तो म्हणाला, "आजोबा, नाताळ म्हणजे केकचा दिवस ना?" आम्हीं विचारिलें, "आणि दिवाळी?" तो तात्काळ उत्तरला, "चकलीचा!"

दुसऱ्या दिवशीं टोकियो टॉवर पाहिला. १९५८ सालीं बांधलेला हा मनोरा ३३३ मीटर उंच आहे. त्याच्या पायथ्याशींच तोकुगावा राज्यकर्त्यांच्या कुलाचें झोजोजी हें बौद्ध मंदिर आहे. तेथून दक्षिणेस थोडें चाललें कीं फुदानोत्सुजी हा चौक लागतो. सरकारी हुकमांच्या फळ्या जेथें लागत तो चौक, असा त्या नांवाचा अर्थ. येथें १६२३ च्या डिसेंबरांत त्याच तोकुगावांच्या आज्ञेनें पन्नास ख्रिस्ती जिवंत जाळण्यांत आले. त्यांची स्मृतिशिला तेथें आहे.

या कथेचा एक धागा आपल्या शेजारीं, गोव्यास येऊन पोंचतो. जुन्या गोव्यांत ज्यांचा देह जपून ठेवला आहे, ते फ्रान्सिस झेवियर १५४९ सालीं गोव्याहूनच निघून जपानास गेले व तेथें त्यांनीं ख्रिस्ती धर्म नेला. १६१४ सालीं त्या धर्मावर देशभर बंदी आली. पुढें नागासाकीच्या आसपासच्या खेड्यांतून कांहीं कुळांनीं तो गुप्तपणें जपला. पाद्री नाहीं, देऊळ नाहीं, दिवा नाहीं. प्रार्थना बापानें मुलास तोंडीं शिकवावयाची. मेरीच्या जागीं ते कान्नोनची मूर्ति ठेवीत. कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर. १८६५ सालीं नागासाकीच्या ओउरा देवळांत हे लोक प्रथम प्रकट झाले. बंदीच्या फळ्या १८७३ सालीं उतरल्या. अडीचशें वर्षें त्यांच्यापाशीं मह होता, क्षण नव्हता. आजच्या टोकियोंत क्षण आहे, मह नाहीं.

म्हणून जपानी लोकांस हंसूं नये. २६ तारखेस पाहतों तों नाताळाचीं झाडें जाऊन दुकानांच्या दारीं देवदार-वर्गांतील पाइनच्या फांद्या व बांबू उभे राहिलेले! ती नववर्षाची तयारी. वर्षाच्या शेवटच्या रात्रीं बौद्ध मंदिरांतून घंटेचे १०८ टोले पडतात, तितक्याच क्लेशांच्या निरसनासाठीं. मग लोक देवदर्शनास निघतात. उसना उत्सव कोणता आणि घरचा कोणता, हें त्यांस पक्कें ठाऊक आहे.

प्रश्न आपला आहे. दिव्यांच्या माळा आपल्याहि घरीं लागतात, फराळ दुकानांतून येतो, आणि परदेशीं वाढणाऱ्या मुलांस दिवाळी चकलीपुरतीच उरते. बंदी नाहीं, भय नाहीं. तरी जें त्या खेडुतांनीं प्राणसंकटांत मुलांस सांगितलें, तें आपण स्वस्थतेंत सांगत नाहीं. चकली मुलांनीं अवश्य खावी. पण पहाटेचें अभ्यंग कशासाठीं, पणती कोणासाठीं, हें त्यांस घरांतील वडील माणसांनींच सांगावयाचें आहे. दुकानदार तें सांगणार नाहीं, आणि त्याचें तें कामहि नव्हे.