गप्प बसली म्हणजे हो म्हणाली?

जुन्नर तालुक्यातल्या एका महाविद्यालयात गेल्या हिवाळ्यात मला बोलायला बोलावलं होतं. मी विषय कळवला होता 'लैंगिक संबंध आणि संमती'. फळ्यावर लिहिलेलं होतं 'विद्यार्थिनींची सुरक्षितता', आणि मुलगे मैदानावर. "मॅडम, संमती वगैरे पुण्यात ठीक आहे. इथं पालक विचारतील, पोरींना काय शिकवताय," प्राचार्य म्हणाले. मी हट्ट धरला तेव्हा वीसेक मुलगे आत येऊन मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले.

त्यांच्यातल्याच एकाची चिठ्ठी आली. 'ती काहीच बोलली नाही. मग चूक माझी कशी?'

वर्ग हसला. मला हसू येईना. कारण त्याच्यासारखा विचार या देशाच्या सर्वोच्च न्यायालयानंही केलेला आहे. मार्च १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. सत्र न्यायालय म्हणालं, तिची संमती होती. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं, भीतीनं निमूट राहणं म्हणजे संमती नव्हे असं सांगून शिक्षा दिली. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं दोघा पोलिसांना सोडलं: अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही! पुढच्याच वर्षी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार यांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहून विचारलं, की शरण जाणं आणि संमती देणं यांतला फरक न्यायालयाला कळत नाही का? त्यातून देशभर बायका रस्त्यावर आल्या. १९८३ साली कायदा बदलला, पण संमती म्हणजे काय हे कायद्यात स्पष्ट लिहायला २०१३ उजाडलं. ती स्वेच्छेची आणि निःसंदिग्ध हवी, त्या विशिष्ट कृतीसाठी हवी. नुसता प्रतिकार केला नाही म्हणजे संमती ठरत नाही. आजच्या भारतीय न्याय संहितेतही हेच आहे. (लग्नाच्या बायकोला अजून त्यातून वगळलंय, त्यावर वेगळं लिहायला हवं.)

म्हणजे कायदा प्रतिकाराचा पुरावा मागायचा थांबला, आणि आमची महाविद्यालयं अजून मुलींना कराटे शिकवताहेत. कराटे जरूर शिकवा. पण मुलग्यांना काय शिकवता?

कार्यक्रम संपल्यावर एक मुलगी थांबली. आंबेगावच्या पश्चिमेकडच्या डोंगरातली, वसतिगृहात राहणारी. "ताई, मी नको म्हणाले होते. पण त्याच्या गाडीवर बसून लेण्याद्रीला मीच गेले होते ना. आता कुणाला सांगू?" ती लेण्याद्रीच्या पायऱ्या चढायला हो म्हणाली होती, तेवढ्यालाच. तरी महाविद्यालयाच्या तक्रार समितीतल्या बाईंनी तिला पहिला प्रश्न विचारला: "तू गेलीसच का?"

माझं भांडण या प्रश्नाशी आहे. मंचरच्या नाहीतर नारायणगावच्या स्टँडवर मुलगी एखाद्या मुलाशी बोलताना दिसली, तर दिवेलागणीच्या आत घरी कळतं. मग शिक्षण बंद, स्थळं बघायला सुरुवात. म्हणून ती स्कार्फ बांधून, मान खाली घालून त्याला भेटते. तिला आवडला तरी 'हो' म्हणायची चोरी. मुलग्यांनाही हे ठाऊक असतं, म्हणून तिचं 'नाही' त्यांना रीतीपुरतं वाटतं. मुलीनं उघड हो म्हणायला आपण जागाच ठेवली नाही, आणि मग तिचं नाही कुणी खरं मानत नाही. सुरक्षिततेच्या नावाखाली तिला आणखी कोंडलं की हे घट्टच होत जातं.

आणि त्याच आवारात अकरावी-बारावीचे वर्ग भरतात. अठराच्या आतल्या मुलीची संमती २०१२ च्या कायद्यानं धरलीच जात नाही, हे त्या भिंतीला टेकलेल्यांपैकी एकालाही माहीत नव्हतं. ते त्यांना पोलीस दारात आल्यावर कळायचं का?

चिठ्ठीवाल्याला मी एवढंच विचारलं, "तू तिला विचारलं होतंस का?" थोड्या वेळानं मागून दुसरी चिठ्ठी आली. अक्षर वेगळं होतं. 'विचारायचं कसं?' त्या दिवशीचा सर्वांत चांगला प्रश्न. तेवढ्यात घंटा झाली, बाहेरगावच्या मुलींची एस.टी. निघायची होती.

पुढचा कार्यक्रम परीक्षेनंतर ठेवू, असं प्राचार्य म्हणाले होते. परीक्षा होऊन गेल्या. मी पुन्हा पत्र टाकलंय. या वेळी विषय फळ्यावर मीच लिहिणार आहे.